निळी चिठ्ठी

२०२४ च्या मार्गशीर्षात मी घाटकोपरला गेलो, तेव्हा पिशवीत बाजरीचं पीठ आणि भुईमुगाच्या शेंगा होत्या, आणि बंडीच्या आतल्या खिशात सातबारा. पीठ-शेंगा वहिनीसाठी, सातबारा पुतण्यासाठी. त्याला परदेशी जायचं होतं. त्यापायी वीस गुंठे विकायचे की गहाण टाकायचे, हे ठरवायला मला बोलावलं होतं. घरात वडीलधारा आता मीच उरलोय.

दहिवडीची एसटी धरून चेंबूरला मैत्री पार्कपाशी उतरलो आणि रिक्षानं असल्फ्याला गेलो. टेकडीच्या पोटाला थोरल्या बंधूंची खोली. बंधू माथाडी होते. आधी मस्जिद बंदरला, मग बाजार तुर्भ्याला हलला तसे तिकडं. ते जाऊन सहा वर्षं झाली. फोटोशेजारी खिळ्याला त्यांचा बिल्ला अजून अडकवलेला आहे. वहिनी दर दसऱ्याला तो चिंचेनं घासून ठेवते. १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि ओझं वाहणाऱ्या माणसाची बोर्डात नोंद व्हायला लागली. त्याच्या आधी पाठ होती, पण पाठीला नाव नव्हतं. फंड, रजा, दवाखाना हे सगळं त्या नोंदीनंतर आलं. म्हणून कागदाला नावं ठेवायची सवय आमच्या घरात नाही.

पुतण्याचं वय तेहतीस. शिक्षण नववी नापास. साकीनाक्याला खैरानी रोडच्या गाळ्यांतून चौदा वर्षं वेल्डिंग करतोय. दुसऱ्या दिवशी मला काम दाखवायला घेऊन गेला. बोळ एवढा अरुंद, की समोरून हातगाडी आली तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. गाळ्यात त्यानं एक पाइप शिकंज्यात तिरका आवळला, बरोबर पंचेचाळीस अंशांत. म्हणाला, "तात्या, ही सिक्स-जी. पाइप फिरवायचा नाही, आपण फिरायचं. खालून, बाजूनं, वरून. पहिला थर आर्गननं, वरचे थर रॉडनं."

मला काच दिली. काचेतून बघितलं तर अंधारात एक हिरवट ठिपका पाइपाभोवती गोगलगाईसारखा सरकत होता. त्याचा हात कुठं थांबला नाही. झाल्यावर सांधा गार झाला, त्यानं ब्रशनं घासला. ज्वारीच्या कणसात दाणे बसावेत तशी एकसारखी लहर त्याच्यावर उमटलेली.

तिथला म्हातारा फोरमन म्हणाला, "याच्या सांध्याचा एक्स-रे काढला तर फिल्मवर डाग येत नाही." आत हवेचा बुडबुडा राहिला किंवा कीट अडकलं तर फिल्मवर तेवढी जागा काळी दिसते. दाबाखाली वाफ नाहीतर गॅस वाहणारा पाइप असला तर तो काळा ठिपका एक दिवस फुटतो. जवळ उभा असेल त्याला घेऊन फुटतो.

रात्री जेवणं झाल्यावर त्यानं फाइल काढली. त्या वर्षी महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला होता. दहा हजार कुशल माणसं तिकडं पाठवायची. परिचारिका, वीजतंत्री, नळ कारागीर, सुतार, रंगारी, गवंडी अशी यादी पेपरात आलेली. तेव्हापासून गावोगाव जर्मनीची हवा सुटली होती, आणि पुतण्याच्या डोक्यातही ती शिरली होती. पण त्यानं सरकारी वाट सोडून एक एजंट धरला होता.

"आखातात का जात नाहीस?" मी विचारलं.

"तिथं हात विकला जातो तात्या. दोन वर्षं बराकीत राहायचं आणि परत यायचं. जर्मनीत कुशल कामगाराचा व्हिसा मिळाला तर बायकापोरं नेता येतात. पोरगी तिथल्या शाळेत जाईल."

एजंटानं त्याला अडचण समजावून सांगितली होती. त्या व्हिसाला निदान दोन वर्षांचं रीतसर शिक्षण दाखवावं लागतं. आपल्याकडं आयटीआयला संधाता, म्हणजे वेल्डर, हा कोर्स एक वर्षाचा. जोडारी, म्हणजे फिटर, तो दोन वर्षांचा. पुतण्यानं दोन्ही केलेले नाहीत. तेव्हा एजंट त्याला जोडारीचं प्रमाणपत्र आणि अनुभवाचे तीन दाखले 'करून' देणार होता. सगळ्याचे मिळून साडेचार लाख. वीस गुंठ्यांचा हिशेब असा होता.

"म्हणजे खोटं प्रमाणपत्र," मी म्हणालो.

"तात्या, तुम्ही सकाळी सांधा बघितला. खोटा होता का?"

"न्हाय."

"मग कागद तेवढा खोटा. हात खरा आहे ना? चौदा वर्षांत एका शेठनं मला एक ओळ लिहून दिली नाही. लिहून दिलं तर मी कामगार ठरतो, मग फंड भरावा लागतो. माझा जो खरा कागद त्यांनी दाबून ठेवला, तोच मी दुसरीकडून घेतोय."

मला त्याचं पटलं. आजही त्यातलं निम्मं पटतं. आमच्या भागाचा जुना दाखला मला त्या वेळी आठवला. विटा, खानापूर, आटपाडी आणि आमचं माण, इथली माणसं गलाईच्या धंद्याला देशभर गेली. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. चुलत्याच्या हाताखाली भट्टीपाशी उभं राहून शिकायचं आणि परमुलखात दुकान टाकायचं. कुणाकडं प्रमाणपत्र होतं? सोनार तोळ्यातोळ्यानं सोनं हवाली करायचे, आणि ते कुठल्या कागदाच्या जोरावर?

शिवाय मी कोण बोलणारा? माझ्या नावचाही पासपोर्ट आहे. शेतकऱ्यांच्या परदेश दौऱ्यासाठी काढला होता, दौऱ्यात नंबर लागला नाही, तो अजून कोराच ट्रंकेत पडून आहे. पुतण्याच्या पासपोर्टात 'ईसीआर' असं छापलेलं आहे. माझ्या नाही. दहावी न झालेल्याला आखाती आणि असल्या एकूण १८ देशांत कामाला जायचं झालं, तर आधी उत्प्रवासी संरक्षक नावाच्या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते. कायदा १९८३ चा. हेतू चांगलाच आहे, न शिकलेल्या माणसाला कुणी फसवू नये. पण मजा बघा. मी कशीबशी दहावी पास, मला पाइपाचे दोन तुकडे सुतळीनं नीट बांधता येत नाहीत, आणि कागदाच्या लेखी जाणता मी. म्हणून मी त्या रात्री म्हणून गेलो, "बघू. उद्या सातबारा देतो."

अंथरूण टाकलं, पण झोप आली नाही. असल्फ्यावरून विमानं उतरतात. डोक्यावरून एक गेलं की पत्रा थरथरतो, तो निवेपर्यंत दुसरं येतं. मी बिल्ल्याकडं बघत पडलो होतो. आणि तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट, जी मी बायकोशिवाय कुणाला सांगितलेली नाही, ती वर आली.

नव्वदीच्या सुरुवातीला मी रब्बी ज्वारीचा बियाण्याचा प्लॉट घेतला होता. मालदांडी. बीजोत्पादनाला साध्या ज्वारीपेक्षा चांगला भाव मिळायचा, पण शिस्त कडक. शेजारी दुसऱ्या वाणाची ज्वारी ठरलेल्या अंतराच्या आत नको, भेसळीचं ताट दिसलं की उपटायचं, अधिकारी येऊन पीक बघणार, मग बी तपासून पोत्याला निळी खूणचिठ्ठी लागणार. निळी चिठ्ठी म्हणजे प्रमाणित बियाणं. चिठ्ठी नसेल तर तेच बी नुसती ज्वारी.

त्या साली शेजाऱ्यानं बांधाला लागून दुसरीच ज्वारी पेरली. मी वाद घातला नाही, भावकीतला माणूस. अधिकारी आले, अंतर मोजलं आणि प्लॉट नापास केला. मी हातापाया पडलो. एक ताट भेसळ दाखवा म्हणालो. ते म्हणाले, "आज दिसणार नाही. फुलोऱ्यात परागकण मिसळला असेल तर ते पुढच्या साली दिसेल, आणि ज्यानं पेरलं त्याच्या रानात दिसेल." नियम त्यांच्या बाजूला होता. माझ्या बाजूला लेकीचं लग्न होतं.

मग बाजारच्या गावचा एक व्यापारी आला. त्याच्याकडं निळ्या चिठ्ठ्यांचं बंडल होतं. कुठून आणलं, मी विचारलं नाही. म्हणाला, "तुमचं बी अस्सल आहे, मला माहीत आहे. चिठ्ठी नाही म्हणून मातीमोल विकणार?" पुतण्या जे म्हणाला, तेच शब्द. बी खरं, चिठ्ठी तेवढी खोटी.

मी बारा पोत्यांना चिठ्ठ्या लावल्या. माझ्या हातानं दोऱ्यानं शिवल्या. बी उगवलं, चांगलं उगवलं. कुणाची तक्रार आली नाही. लग्न पार पडलं. मी मनात म्हणालो, यात कुणाचं काय गेलं?

दुसऱ्या साली त्याच व्यापाऱ्यानं तसल्याच चिठ्ठ्या बाजारातल्या खाण्याच्या ज्वारीला लावल्या. किडकी, जुनी ज्वारी. गिऱ्हाइकाला सांगितलं, "गेल्या वर्षीचं बी उगवलं ना? त्याच माणसाच्या प्लॉटचं आहे." माझं नाव सांगितलं. दोन गावांत पेरण्या वाया गेल्या. माणदेशात रब्बीची ओल एकदाच येते. ती हुकली की वर्ष गेलं. त्यातला एकजण, विहीर नसलेला, पुढच्या दिवाळीच्या आत बैल विकून ऊसतोडीला गेला. तो मला बाजारात भेटला तेव्हा भांडला नाही. एवढंच म्हणाला, "चिठ्ठी बघून घेतलं व्हतं वं."

हे वाक्य माझ्या कानात तीस वर्षं आहे. चिठ्ठी बघून घेतलं होतं. त्याला बी बघून कळण्यासारखं नव्हतं. खरं बी आणि मेलेलं बी मुठीत घेतलं तर सारखंच दिसतं. म्हणून तर चिठ्ठी काढली, १९६६ चा बियाणे कायदा त्यासाठी आहे. ज्याला बघून कळत नाही, त्याच्यासाठी कुणीतरी आधी बघून ठेवलंय, एवढाच तिचा अर्थ. मी ती माझ्या बियाची शोभा समजलो होतो. खरं तर ती त्या माणसाची होती. मी माझं चांगलं बी तिच्यामागं ठेवलं आणि त्या व्यापाऱ्याला एक गोष्ट फुकट दिली, ती म्हणजे खोट्या चिठ्ठीवर लोकांचा विश्वास. माझं बी वाईट निघालं असतं तर पहिल्याच साली लोक सावध झाले असते. ते चांगलं होतं, म्हणून लोक फसले.

पहाटे मला गलाईवाल्यांचंही उत्तर सापडलं. त्यांना कागद लागला नाही, कारण त्यांना नाव होतं. हा कुणाचा कोण, कुठल्या गावचा, पळाला तर कुणाच्या दाराशी जायचं, हे सोनाराला माहीत असायचं. ओळख असते तिथं कागदाचं काम ओळख करते. जर्मनीतल्या माणसाला असल्फा माहीत नाही, खैरानी रोड माहीत नाही, तो म्हातारा फोरमन माहीत नाही. त्याच्या हातात फक्त कागद. तो कागद घेऊन पुतण्या तिथं पाइप जोडेल, फर्स्टक्लास जोडेल. मग एजंट पुढच्या वर्षी म्हणेल, गेल्या वर्षीचा पोरगा बघा, एक नंबर. आणि त्याच छापाचं प्रमाणपत्र अशा पोराला देईल, ज्याच्या सांध्यात बुडबुडे आहेत.

सकाळी चहाला मुलुंडची भाची आली होती, वहिनीच्या बहिणीची. ती इंजिनिअर, जर्मनीत शिकायला निघालेली. तिचे सगळे कागद खरे. तरी ते खरे आहेत असा आणखी एक दाखला तिला काढावा लागला होता. नोव्हेंबर २०२२ पासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना तिकडच्या व्हिसासाठी तो लागतो. त्याची फी १८,००० रुपये, वर वाट बघणं. ती हसत म्हणाली, "मावसा, खऱ्याला खरं म्हणायला अठरा हजार लागतात." मी पुतण्याकडं बघितलं. तो खाली बघत होता.

ती गेल्यावर मी त्याला चिठ्ठीची गोष्ट सांगितली, सगळी. वहिनी चुलीकडं तोंड करून ऐकत होती. मी असं म्हणालो नाही, की पकडला जाशील. पकडलं तर व्हिसा जातो आणि परत पाठवतात, हे त्यालाही माहीत होतं. एजंटाच्या हातात जन्मभराची दोरी राहते, हेही. पण पकडलं जाण्याची भीती ही नुसती भीती झाली. न पकडता आयुष्य गेलं तरी हे करावं का, एवढंच मला विचारायचं होतं. कारण मला कुणी पकडलं नव्हतं.

त्यानं ऐकून घेतलं. मग जे म्हणाला, ते इथं लिहिलं नाही तर हा लेख लबाडीचा होईल.

"तात्या, तुम्ही लेकीचं लग्न उरकून घेतलं आणि मग तुम्हाला पश्चात्ताप झाला. मला लग्नाआधीच पश्चात्ताप करायला सांगताय. तुमच्याकडं दहावी आहे, जमीन आहे. खरेपणाचा खर्च माझ्या एकट्याच्या अंगावर."

मला उत्तर नव्हतं. अजून नाही. खरं वागायला सांगणं सोपं असतं, जेव्हा त्याची किंमत दुसरा भरतो. ज्यांनी चौदा वर्षं त्याला एक ओळ लिहून दिली नाही, ते निवांत आहेत. जो नियम हात बघायला तयार नाही, तोही जागच्या जागी आहे. ह्या सगळ्यांच्या मधोमध एक पोरगा उभा करून त्यालाच मी म्हणत होतो, तू तेवढा खोटं करू नको.

तेव्हा मी मला सुचलं तेवढं केलं. सातबारा खिशातून काढला नाही, पण परतही नेला नाही. वहिनीच्या डब्यात ठेवला. म्हणालो, "वीस गुंठे तुझेच. एजंटाला एक रुपया द्यायचा नाही. पण खरा कागद काढायला जेवढी वर्षं लागतील, तेवढी वर्षं तुझ्या बुडालेल्या मजुरीपोटी ही जमीन आहे. खर्च एकट्याच्या अंगावर नको ना? मग निम्मा माझ्या अंगावर."

तो उठून बाहेर गेला. मी संध्याकाळच्या गाडीनं गावी आलो. सहा महिने त्याचा फोन नाही. वहिनीचा यायचा, "चिडलाय भावजी, निवंल." एकदा कळलं, त्याच एजंटाकडून कुणी दुसरा पोरगा गेला. तेव्हा मला रात्रभर वाटत राहिलं, की आपण आपल्या जुन्या पापाचं ओझं पोराच्या डोक्यावर दिलं. बायको म्हणाली, "दिलं आसंल. पर खोटं तर न्हाय ना दिलं?"

पुढच्या पावसाळ्यात फोन आला. "तात्या, १७ नंबरचा फॉर्म भरलाय." सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळा सुटलेल्यानं बाहेरून दहावीला बसायचं. दहावी झाली की मुलुंडच्या आयटीआयला जोडारीसाठी अर्ज करायचा, दोन वर्षं. तोवर तो सदतिशीला टेकेल. मग जर्मन भाषा. मग व्हिसा मिळेल की नाही, कुणी सांगावं. तेव्हा नियम काय असतील, तेही कुणाला ठाऊक नाही. तो मला माफ केलंय असं म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

हल्ली रात्री नऊनंतर, गाळा बंद झाल्यावर, तो फोन करतो. "तात्या, वर्गसमीकरण कसं सोडवायचं?" मला कुठलं येतंय? पंचेचाळीस वर्षं होऊन गेली. शेजारच्या घरातली दहावीची पोरगी बोलावतो, ती फोनवर त्याला समजावते, आणि मी कंदिलाशी बसल्यासारखा मोबाइल धरून बसतो. दहावी पासाचा माझा कागद एवढ्याच कामाला आला. वीस गुंठ्यांत यंदा मालदांडी पेरलीय. त्याच्यातनं जे येईल ते असल्फ्याला पाठवायचं आहे.